न दिसणाऱ्या वायूची खतावणी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



कमिटीने मला भाषण करा म्हणून सांगितलं तेव्हा त्यांच्या मनातला विषय होता 'ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवी आणि नॉमिनेशन'. सगळी नोकरी बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार! पण त्या विषयावर मी रोज संध्याकाळी कट्ट्यावर फुकट बोलतोच. म्हणून मी विषय बदलून मागितला. दीर्घिकांच्या भोवती आणि दोन दीर्घिकांच्या मधल्या मोकळ्या जागेत जो अतिविरळ वायू आहे, तो शास्त्रज्ञ कसा शोधतात, यावर बोलतो म्हटलं. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "काका, लोक बसतील का?" मी म्हटलं, "भाषणानंतर मिसळ आहे हे आधीच जाहीर करून टाका." तेव्हा आपण बसलात याचं श्रेय कुणाचं हे मला ठाऊक आहे.

हा विषय घेण्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे हे काम कुठे दूर अमेरिकेतच चालतं असं नाही. पुण्यात चालतं, आणि आपल्या कल्याण रोडने टाकळी ढोकेश्वर, बेल्हे करत आळेफाट्याकडे गेलं की पुढे खोडद लागतं, तिथे चालतं. दुसरं कारण रेल्वेचं आहे. ते शेवटी सांगतो, कारण आधी सांगितलं तर अर्धे लोक त्यावरच वाद घालतील.

आधी शब्द समजून घेऊ. आपला सूर्य ज्या ताऱ्यांच्या समूहात आहे ती आकाशगंगा. तसे दुसरे समूह अब्जावधी आहेत, त्यांना दीर्घिका म्हणायचं. फोटोत दिसतात त्या चकत्या, भोवरे. आणि फोटोत त्यांच्या मधे काळं दिसतं. आज त्या काळ्या जागेबद्दल बोलायचं आहे.

ती रिकामी आहे का? तर जवळजवळ. इथे या सभागृहात सापशिडीच्या फाशाएवढी हवा घेतली, म्हणजे एक घन सेंटिमीटर, तर तिच्यात २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. आकाशगंगेच्या आत, दोन ताऱ्यांच्या मधे गेलात तर त्याच फाशाच्या जागेत सरासरी एखादा अणू. आणि दीर्घिकांच्याही बाहेर पडलात तर? आपला दोन बीएचके फ्लॅट घ्या. सातशे चौरस फूट, उंची दहा फूट. कार्पेट बरं का, बिल्ट-अप नाही. एवढ्या सगळ्या जागेत विश्वाच्या सरासरीने पन्नासेक अणू. आख्ख्या फ्लॅटमध्ये पन्नास! आणि त्यातले बहुतेक हायड्रोजनचे.

तुम्ही म्हणाल, मग त्याचा हिशोब कशाला ठेवायचा? इथे बँकवाल्याचा जीव अडकतो. रक्कम लहान असली तरी खाती किती आहेत ते बघावं लागतं. विश्वात जागा इतकी अफाट आहे, की हा पन्नास-पन्नास अणूंचा वायू एकत्र केला तर तो सगळ्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त भरतो. नेहमीचं जे द्रव्य आहे, ज्याचे आपण, ही खुर्ची, सूर्य, सगळे बनलेले आहोत, ते शंभर रुपये धरलं तर ताऱ्यांमध्ये त्यातले दहा रुपयेसुद्धा नाहीत. उरलेलं बहुतेक सगळं वायूच्या रूपात बाहेर. डार्क मॅटर म्हणतात ते निराळं खातं आहे, ते आज उघडत नाही.

शंभर रुपये हा आकडा आला कुठून? तो विश्वाच्या बालपणाच्या दोन वेगवेगळ्या पुराव्यांवरून काढता येतो आणि दोन्ही उत्तरं जुळतात. म्हणजे ओपनिंग बॅलन्स पक्का. पण १९९८ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी आजूबाजूच्या विश्वातले तारे, दिसणारा वायू, सगळं मोजून बेरीज मारली तेव्हा बरीच रक्कम कमी भरली. गेली कुठे? बँकेत अशा वेळी आम्ही रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून रात्री दहा-दहापर्यंत व्हाउचर तपासत बसायचो. या लोकांनी वीस वर्षं तपासली. संशय याच विरळ वायूवर होता, आणि २०२० च्या सुमाराला वेगवेगळ्या मार्गांनी ताळा जमला. रक्कम दीर्घिकांच्या बाहेरच होती, इतकी तापलेली आणि इतकी पातळ की डोळ्यात भरत नव्हती.

आता मुख्य प्रश्न. जे दिसत नाही, ते मोजायचं कसं?

यासाठी मी तुम्हाला स्वयंपाकघरात नेतो. गॅसवर वरण उतू गेलं की निळी ज्योत एकदम पिवळी होते, हे सगळ्या भगिनींना माहीत आहे. ते मिठामुळे. मिठातलं सोडियम तापलं की ठराविक पिवळाच प्रकाश देतं, दुसरा नाही. १९७२ साली इथल्याच अहमदनगर कॉलेजात बी.एस्सी.ला असताना आम्ही स्पेक्ट्रोमीटरला डोळा लावून सोडियमच्या दिव्याचा प्रकाश पाहिला होता. नुसत्या डोळ्यांना एक पिवळा रंग, आणि नळीतून बघितलं तर शेजारी-शेजारी दोन बारीक पिवळ्या रेघा. पन्नास वर्षं झाली, त्या रेघा अजून डोळ्यांसमोर आहेत. प्रॅक्टिकलला मार्क किती पडले ते आठवत नाही.

प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा आपल्या रेघा असतात. जुन्या काळी सही न येणारे खातेदार अंगठा उठवायचे. नाव सारखं असेल, गाव सारखं असेल, अंगठा सारखा नसतो. तसंच हे. हायड्रोजनचा अंगठा वेगळा, कार्बनचा वेगळा, मॅग्नेशियमचा वेगळा. आणि गंमत पुढेच आहे. तो वायू स्वतः चमकत नसेल, पण त्याच्या मागे दिवा असेल, तर तोच वायू त्या दिव्याच्या प्रकाशातून आपल्याच जागच्या रेघा गिळतो. मग रंगांच्या पट्ट्यात नेमक्या त्या ठिकाणी काळ्या रेघा उमटतात. १८१४ साली बव्हेरियातल्या फ्राउनहोफर नावाच्या काचकारागिराने सूर्याच्या प्रकाशात अशा पाचशेच्या वर रेघा मोजल्या. त्या कशाच्या, हे त्याला कळलं नाही. ते कोडं १८५९-६० मध्ये जर्मनीतच किर्खोफ आणि बुन्सेन या जोडीने सोडवलं.

इथे विजयदुर्ग आठवणारे दोघे-चौघे तरी असतील. किल्ल्यात साहेबाचे ओटे दाखवतात आणि हेलियमचा शोध इथेच लागला असं सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण हिंदुस्थानातून दिसलं हे खरं. फ्रान्सच्या जान्सेनने त्या वेळी गुंटूरला ठाण मांडलं होतं आणि सूर्याच्या कडेच्या तेजस्वी रेघा पाहिल्या. इंग्लंडच्या लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या देशात बसून ग्रहण नसताना त्या पाहिल्या, आणि त्यातली एक पिवळी रेघ पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी जुळत नाही म्हणून तिला सूर्याच्या नावाने हेलियम म्हटलं गेलं. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ साल उजाडलं. विजयदुर्गचे ओटे जरूर बघा, समुद्र फार सुंदर आहे. पण अंगठा आधी सापडला आणि माणूस सत्तावीस वर्षांनी, ही गोष्ट मला त्या ओट्यांपेक्षा मोठी वाटते.

तर वायू दिसण्यासाठी मागे दिवा हवा. पावसाळ्यात भंडारदऱ्याकडे गेलात तर धुकं किती दाट आहे हे समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यावरून कळतं. दिवा नसेल तर धुकं आहे की अंधार आहे हेही कळत नाही. दीर्घिकांच्या पसाऱ्यात असा दिवा १९६३ साली हाती आला. मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ नावाच्या, साध्या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या एका ठिपक्याचा वर्णपट वाचला आणि लक्षात आलं, की हा तारा नव्हेच. प्रचंड लांबवर असलेली आणि शेकडो दीर्घिकांच्या तोडीने पेटलेली वस्तू आहे. या वस्तूंना क्वेसार म्हणतात. क्वेसारचा प्रकाश अब्जावधी वर्षं चालत आपल्यापर्यंत येतो, आणि वाटेत जे जे ढग लागतील ते ते आपला अंगठा त्याच्यावर उठवतात.

आता जरा लक्ष द्या, हा भाग थोडा अवघड आहे. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे प्रकाश वाटेत ताणला जातो, त्याच्या लहरी लांब होतात. निळ्याकडचा प्रकाश तांबड्याकडे सरकतो, म्हणून त्याला ताम्रसृती असं भारदस्त नाव आहे. हायड्रोजनची सर्वांत ठळक रेघ, लायमन अल्फा, १२१.६ नॅनोमीटरला असते, म्हणजे अतिनील, डोळ्यांना न दिसणारी. पण ढग फार लांब असेल तर तीच रेघ तिप्पट, चौपट ताणून दिसणाऱ्या प्रकाशात येते. जितका ढग लांब, तितकी रेघ जास्त सरकलेली. म्हणजे एका क्वेसारच्या वाटेवर शंभर ढग असतील तर एकाच हायड्रोजनच्या शंभर रेघा शंभर ठिकाणी दिसणार. कागदावर तो आलेख इतका दाट दिसतो की त्याला जंगलच म्हणतात, लायमन अल्फाचं जंगल.

मला ते जंगल वाटत नाही, पासबुक वाटतं. प्रत्येक रेघ ही एक नोंद. रेघेची जागा म्हणजे तारीख, कारण लांब म्हणजे जुनं. रेघेची खोली-रुंदी म्हणजे रक्कम, वाटेत वायू किती होता ती. आणि कुठल्या मूलद्रव्याची रेघ आहे हा तपशिलाचा रकाना. एका ठिपक्याच्या प्रकाशात हजार कोटी वर्षांचं पासबुक छापून येतं.

यातल्या काही नोंदी दीर्घिकांपासून लांब, अगदी उघड्यावरच्या वायूच्या असतात. पण काही ढगांत मॅग्नेशियम, कार्बन, लोह सापडतं. ही मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटातच तयार होतात, म्हणजे हा वायू कधीतरी दीर्घिकेच्या आत होता. १९६९ साली बाकॉल आणि स्पिट्झर या दोघांनी सुचवलं होतं, की असे ढग दीर्घिकांच्या भोवतीच्या मोठ्या प्रभावळीत असणार. १९८६ च्या सुमारास फ्रान्सच्या जॅकलिन बर्जरॉन यांनी मॅग्नेशियमची रेघ उमटवणारी दीर्घिका क्वेसारच्या शेजारी प्रत्यक्ष शोधून दाखवली.

ही प्रभावळ एवढी महत्त्वाची का, यासाठी मी नेहमी हिवरे बाजारचं उदाहरण देतो. आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना विहीर दिसायची. विहीर आटली की आणखी खोल खणा, नाहीतर बोअर मारा. पोपटराव पवार आणि त्या गावाने उलटं केलं. विहिरीत न बघता जमिनीच्या पोटात किती पाणी मुरलं, किती उपसलं, याचा दरवर्षी ताळेबंद मांडला. दीर्घिका ही विहीर आहे. आपल्याला तारे दिसतात, म्हणजे उपसा दिसतो. पण तारे ज्या वायूपासून बनतात तो दीर्घिकेत पुरवठ्याविना फार काळ टिकत नाही. तो भोवतालच्या प्रभावळीतून आत पाझरतो. आणि मोठे तारे फुटले की काही वायू परत बाहेर फेकला जातो, पुन्हा थंड होऊन आत येतो. आपण पाहतो ते सगळं झगमगतं विश्व या न दिसणाऱ्या भूजलावर उभं आहे.

आता पुण्याकडे येऊ. आपली सोसायटी रजिस्टर झाली ते साल २०००. त्याच वर्षी डिसेंबरात 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात एक निबंध आला. त्याचे पहिले लेखक पुण्याच्या आयुका संस्थेतले रघुनाथन श्रीआनंद, बरोबर फ्रान्सचे पतीजाँ आणि लडू. आयुका म्हणजे १९८८ साली जयंत नारळीकर सरांनी उभी केलेली संस्था. या तिघांनी चिलीमधल्या ८.२ मीटर आरशाच्या दुर्बिणीतून एका क्वेसारचा वर्णपट घेतला आणि त्याच्या वाटेतल्या एका ढगाचा अभ्यास केला. त्या ढगातून तो प्रकाश निघाला त्याला सुमारे ११०० कोटी वर्षं झाली. आणि या लोकांनी काय मोजलं? त्या काळच्या विश्वाचं तापमान!

ते कसं मोजलं हे सांगण्याचा मोह आवरत नाही. आज सगळं विश्व एका मंद प्रारणाने भरलेलं आहे, त्याचं तापमान साधारण २.७ केल्विन, म्हणजे शून्याखाली २७० अंश सेल्सिअस. विश्व पूर्वी लहान आणि दाट होतं हे खरं असेल तर तेव्हा ते जास्त असायला हवं. पण ११०० कोटी वर्षांपूर्वीच्या जागी थर्मामीटर कोण ठेवणार? तर त्या ढगातल्या कार्बनच्या अणूंनीच ते काम केलं. कार्बनच्या अणूला तळमजला आणि त्याच्या अगदी लगत वरचा मजला असतो. आपल्याकडे मे महिन्यात लाइट गेली की माणसं गच्चीवर जातात. उकाडा जितका जास्त तितकी गच्चीवर गर्दी. गच्चीवरची डोकी मोजली तर उकाडा किती ते सांगता येईल. तसंच वरच्या मजल्यावरच्या अणूंच्या रेघा किंचित वेगळ्या जागी उमटतात, त्यावरून किती अणू वर गेले ते मोजता येतं. अर्थात गच्चीवर सगळे उकाड्यानेच जात नाहीत, कुणी फोनला रेंज मिळवायला जातो. अणूही एकमेकांवर आपटून वर जातात. तेवढे वजा करायला त्याच ढगातल्या हायड्रोजनच्या रेणूंचा उपयोग झाला. उत्तर आलं, ६ ते १४ केल्विनच्या मधे. सिद्धान्त सांगत होता ९ च्या आसपास. पुढे २००८ साली याच मंडळींनी सहकाऱ्यांसह दुसऱ्या एका ढगात कार्बन मोनॉक्साइडच्या रेघा वापरून आणखी नेमकं मोजमाप दिलं: ९.१५ केल्विन. अपेक्षा होती ९.३ ची. वजावटीला जागा ठेवली तर हिशोब बरोबर.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. नारळीकर सर महास्फोटाच्या सिद्धान्तावर आयुष्यभर शंका घेत आले. आणि ते संचालक असताना त्यांच्याच संस्थेतल्या माणसाने त्या सिद्धान्ताच्या बाजूचा एवढा ठळक पुरावा जगापुढे मांडला. साहेबांच्या मताविरुद्ध नोट टाकणं काय असतं हे नोकरी केलेल्यांना विचारा! सर २० मे २०२५ ला गेले. त्यांच्या गोष्टी वाचून मोठी झालेली बरीच मंडळी इथे बसली आहेत.

आता खोडद. हायड्रोजनचा आणखी एक अंगठा आहे, तो प्रकाशात नाही, रेडिओ लहरीत आहे. लांबी २१ सेंटिमीटर. एकटा अणू आपणहून ही लहर सोडायला सरासरी एक कोटी दहा लाख वर्षं घेतो, पण अणूच इतके आहेत की कुठेतरी ती सुटतच असते. १९५१ मध्ये ती पहिल्यांदा पकडली गेली. लांबच्या दीर्घिकांमधली ही लहर ताणून ४०, ५० सेंटिमीटरची होते, आणि तीच ऐकायला जगात ज्या मोजक्या दुर्बिणी आहेत त्यातली एक आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात आहे. जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. चौदा मध्यभागी जवळ-जवळ, बाकीच्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या शेतांमधून त्या उभ्या दिसतात. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. भरीव पत्रा न वापरता बारीक पोलादी तारांची जाळी दोरखंडासारख्या ताणांवर बसवली, म्हणून वारा आरपार जातो आणि खर्च कमी आला. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती देशाला अर्पण झाली, म्हणजे आपल्या सोसायटीपेक्षा जेमतेम एका वर्षाने धाकटी.

इथे प्रकाशाचं आणि रेडिओचं काम हातात हात घालून चालतं. २००९ साली नीरज गुप्ता, श्रीआनंद आणि सहकाऱ्यांनी मॅग्नेशियमची रेघ दाखवणारे ३५ ढग निवडले आणि त्यात थंड हायड्रोजन आहे का हे जीएमआरटीने तपासलं. दुर्बिणीचे सुमारे ४०० तास खर्ची पडले. सापडले किती? नऊ. सव्वीस वेळा हात हलवत परत. पण ते सव्वीसही कामाचे, कारण दीर्घिकेच्या भोवतालचा किती वायू तारे घडण्याइतका थंड असतो हे त्यातूनच कळतं.

दुसरं काम मला पिग्मीसारखं वाटतं. पिग्मी एजंट रोज दुकानादुकानातून दहा-वीस रुपये गोळा करायचा, एकेक रक्कम दखल घेण्याजोगी नाही, पण वर्षाअखेरीला पुस्तक बघा. आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा आवाज इतका क्षीण, की एकेकीचा ऐकू येणं अशक्य. म्हणून पुण्याच्या एनसीआरए संस्थेतल्या आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर यांनी बेंगळुरूच्या सहकाऱ्यांबरोबर १०० तास निरीक्षण करून ७,६५३ दीर्घिकांचा आवाज एकत्र मिळवला. आणि तो ऐकू आला! त्या दीर्घिकांत वायू भरपूर होता, ताऱ्यांच्या वस्तुमानाइतका किंवा त्याहून जास्त. पण उपसा इतका जोरात, की बाहेरून पुनर्भरण झालं नाही तर शे-दोनशे कोटी वर्षांत खडखडाट. त्यानंतरच्या काळात विश्वात नवे तारे जन्मण्याचा वेग घटत गेलेला आहे, त्याचं हे कारण असू शकतं. स्वरूप सर ७ सप्टेंबर २०२० ला गेले आणि हा निबंध ऑक्टोबरात छापून आला.

आता रेल्वे.

पुणे–नाशिक रेल्वेचा मूळ आराखडा नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर असा होता. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या तारेशी ठिणग्या उडतात, सिग्नलची यंत्रणा असते, हजारो प्रवाशांचे मोबाइल असतात. या सगळ्याचा रेडिओ गोंगाट खोडदच्या दुर्बिणीला आंधळं करील असं शास्त्रज्ञांचं म्हणणं पडलं. रेल्वेमंत्र्यांनी ते कारण देऊन मार्ग बदलण्याचं सांगितलं, आणि नवा मार्ग आपल्या अहिल्यानगर–शिर्डीकडून नेण्याचं ठरू लागलं. संगमनेर, अकोले, जुन्नरच्या लोकांची मागणी आहे की गाडी मूळ मार्गानेच न्या. पेपरात आपण रोज वाचतोय.

बँकेच्या शिस्तीप्रमाणे आधी हितसंबंध सांगतो. मी नगरकर, गाडी इकडून गेली तर मला सोयीचीच. पण माझी धाकटी बहीण संगमनेरला दिलेली आहे. तिच्या घरी शेती आहे, नातू पुण्याला शिकायला आहे आणि एसटीने हेलपाटे घालतो. राखीपौर्णिमेला ती म्हणाली, "दादा, तुमच्या त्या वायूपायी आमची गाडी गेली. त्या वायूने आमच्या टोमॅटोला भाव मिळणार आहे का?"

मी तिला नाही म्हणून सांगितलं. मिळणार नाही. अशा वेळी काही लोक सांगतात की विज्ञानातून उद्या मोबाइल निघतो, परवा औषध निघतं. निघतही असेल, पण ते कारण पुढे करणं मला पटत नाही. कर्जदाराला आम्ही जे परत मिळणार नाही त्याचं आमिष दाखवत नसू. खोडदची दुर्बीण कशासाठी आहे तर हे पासबुक वाचण्यासाठी आहे, बस्स. आणि ती शांतता असेल तरच वाचता येतं. तीस तबकड्या उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. ती जागा मुळात डोंगरांनी वेढलेली आणि गोंगाटापासून दूर म्हणूनच निवडली. म्हणून दुर्बीण राहिली पाहिजे, या मताचा मी आहे.

पण माझी बहीणही चुकीचं बोलत नाही. किंमत कुणीतरी मोजतं आहे आणि ती पुण्यातले शास्त्रज्ञ किंवा नगरचे आपण मोजत नाही, संगमनेर-अकोल्याचे लोक मोजत आहेत. त्यांना गाडी द्यायचीच नाही असा याचा अर्थ होत नाही. खोडदला पुरेसा वळसा घालून संगमनेरला रूळ नेता येतील का, किती अंतरावरून नेले तर दुर्बिणीला त्रास होणार नाही, याची मोजमापं लोकांपुढे मांडली पाहिजेत. खर्च वाढेल. वाढू दे. आणि मला सर्वांत खटकतं ते हे, की या वादात 'दुर्बिणीचा अडथळा' एवढंच वाक्य हजार वेळा ऐकू आलं, पण ती दुर्बीण बघते काय, हे माझ्या बहिणीला कुणी मराठीत बसून सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. दीड तास लागला, दोनदा चहा झाला. ती म्हणाली, "हे ठीक आहे, पण गाडीही हवी." मी म्हटलं, "हो, हवी."

तेव्हा एक विनंती. येत्या २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली त्याच तारखेला रामन यांनी आपला शोध जाहीर केला, तोसुद्धा वर्णपटातल्या नव्या रेघांचाच. त्या निमित्ताने खोडदला प्रदर्शन भरतं, सगळ्यांना आत सोडतात, आसपासच्या शाळांची मुलं गाड्या भरभरून येतात. कमिटीने एक बस ठरवायला मान्यता दिली आहे. सकाळी सहाला गेटवरून निघायचं, नाश्ता बेल्ह्याला. तिथे आत मोबाइल बंद ठेवावे लागतात, हे तरुण मंडळींनी आधीच मनाशी ठरवून यावं. नावं वॉचमनकडच्या वहीत लिहा, मुलांची वयंही लिहा. बसला सीट्स पन्नास आहेत, पण एकोणपन्नासच भरायच्या. आळेफाट्यावर माझ्या बहिणीला घ्यायचं आहे.